बॅटरी आमच्या घरी, साखळ्या त्यांच्या

हिवाळ्यात आमच्या घरात चार जण निजायचे. मी, माझा नवरा तोबदेन, सासू आणि गाडीची बॅटरी. त्यात सगळ्यांत उबदार जागा बॅटरीची. तंदूरच्या, म्हणजे आमच्या लोखंडी शेगडीच्या, डाव्या अंगाला, जिथे पूर्वी सासरा पाय शेकत बसायचा, तिथे घोंगडीच्या तुकड्यावर तिला ठेवायचं. सासू एकदा म्हणालीही होती, देकिद, या घरात सुनेपेक्षा बॅटरीचे लाड जास्त होतात. मी म्हटलं, आमा, बॅटरी उलटं बोलत नाही ना, म्हणून. ती हसली. माझं तिखट बोलणं तिला चालायचं. तिच्या मुलांना चालायचं नाही, पण त्यांना एकमेकांचंही काही चालायचं नाही, तिथे माझ्या एकटीचं काय घेऊन बसायचं.

रोज ऊन डोंगराआड गेलं की बॅटरी काढून आत आणायची आणि सकाळी परत बसवायची. रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी किल्ली फिरवल्यावर हूं की चूं करत नाही. हे ओझं उचलायचं काम नवऱ्याचं, असं गावात सगळ्यांना वाटायचं. उचलायचे मी. कंबर माझी गेली आणि तोबदेन किती जपतो गाडीला, हे कौतुक त्याच्या वाट्याला आलं.

गाडीची तयारी आम्ही बर्फाच्या आधी महिनाभर सुरू करायचो. रेडिएटरमधलं साधं पाणी काढून न गोठणारं हिरवं पाणी भरायचं. डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळायचं, नाहीतर डिझेल तुपासारखं थिजतं. मागे बटाट्यांची दोन पोती टाकायची, म्हणजे मागची चाकं जमीन धरून राहतात. फावडं, दोरखंड, तंदूरमधल्या राखेची पिशवी. उभी करायची ती तोंड उताराकडे करून, वायपर उभे ठेवून, इंजिनावर बकरीच्या केसांची जुनी थोबी पांघरून. सकाळी पाटीत निखारे घेऊन इंजिनाखाली सरकवायचे आणि तेल मऊ होईपर्यंत शेजारी उभं राहायचं, कारण लक्ष नसलं तर गाडी सुरू व्हायच्या ऐवजी पेटते. आणि हँडब्रेक ओढायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड सारायचा. ओला ब्रेक ओढून ठेवला की रात्रीत गोठतो आणि चाक जागच्या जागी चिकटतं. आमच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गाडी सासऱ्याची. गावात नऊ घरं, त्यातल्या तिघांकडे आणखी गाड्या आहेत, पण ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते बर्फ पडायच्या आधीच कुल्लूला आपापल्या दुसऱ्या घरी उतरतात. हिवाळ्यात वर उरतो आम्ही, म्हातारी माणसं आणि गुरं. तेव्हा नोव्हेंबर ते मार्च गावात गाडी म्हणजे हीच एक. सासरा होता तोवर ती सगळ्या गावाची होती. तो गेला आणि वर्षाच्या आत दोघा भावांनी वाटणी मागितली.

वाटणीला गटूक मेमे बसले होते. गावातले सगळ्यांत म्हातारे, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. वाटाण्याचं शेत मोजून दोन झालं. वाळुंजीची झाडं मोजली, एक जास्त भरलं, तर ते तोडून त्याचं लाकूड अर्धं अर्धं केलं. हिरवं झाड होतं. सासूचीही वाटणी झाली. हिवाळ्यात आमच्याकडे, उन्हाळ्यात थोरल्याकडे. थोरला म्हणजे रिगझिन, माझा दीर. तीस पावलं वर त्याचं नवं घर. सासूला कुणी विचारलं नाही. ती भिंतीला टेकून लोकर कातत बसली होती.

मग आली गाडी. गाडी काही मधोमध कापता येईना. थोरला म्हणाला, मी थोरला. धाकटा म्हणाला, चालवायला मी शिकवलं तुला. दिवस मावळायला आला. तेव्हा आमाने चाती खाली ठेवली आणि म्हणाली, गाडी एकच राहील. बॅटरी धाकट्याच्या घरी राहील आणि बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना घालायच्या साखळ्या थोरल्याच्या घरी. किल्ली माझ्या कमरेला.

गटूक मेमे म्हणाले, छिमेद, ही कसली वाटणी?

ती म्हणाली, "हिवाळ्यात गाडी हवी तर एकाला दुसऱ्याच्या दाराशी जावं लागेल. माझ्यासाठी नाही, तर गाडीसाठी तरी बोलतील."

सगळे हसले. मलाही तेव्हा ती फार हुशारी वाटली होती.

आणि दोन हिवाळे ती चाललीही. केलाँगला, बाजाराला नाहीतर दवाखान्याला, जायचं ठरलं की तोबदेन वर जाऊन थोरल्याला हाक मारायचा, आचो, साखळ्या आण. मग दोघं चाकांशी बसायचे. साखळी चढवायचं काम एकट्याचं नाही. एकाने ती बर्फावर सरळ पसरायची, दुसऱ्याने गाडी हातभर पुढे घ्यायची, पुन्हा उतरून दोघांनी दोन्ही टोकं ओढून आकडा लावायचा. हात गारठतात, शिव्या निघतात. आमा खिडकीशी बसून ऐकायची. त्या शिव्या ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं ते मी तिच्या पूजेतही पाहिलं नाही. परत आले की तोबदेन किल्ली काढून मान न वळवता हात मागे करायचा, कारण आमा मागे बसलेली असायचीच. ती गाडी कुठेही निघाली तरी मागे बसायची. ती किल्ली घ्यायची, दोऱ्यात ओवून कमरेला बांधायची. मग एक भाऊ बॅटरी काढायचा, दुसरा साखळ्या, आणि आपापल्या घरी.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात थोरला केलाँगहून बायकोच्या भावाला घेऊन आला. तो मेव्हणा लहानपणापासून खालच्या गरम मुलखात राहिलेला. शेवटचा चढ त्याने हौसेने चालवला, गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला. थोरल्याने पाहिलं नाही. सकाळी मागचं चाक हलेना. आता खरं तर निखाऱ्यांची पाटी चाकाशी ठेवायची आणि तासभर बसायचं. पण माझ्या नवऱ्याला तासभर कुठला दम? त्याने तंदूरवरचं उकळतं पाणी नेऊन चाकावर ओतलं. पहिल्यांदा वाफ आली, मग आत काहीतरी तडकन फुटलं, आणि उरलेलं पाणी बघता बघता गोठून चाक आधी होतं त्याच्या दुप्पट घट्ट झालं.

चाक चार दिवसांत दुरुस्त झालं. तोंडं झाली नाहीत. एक म्हणे, हँडब्रेक कुणी ओढला. दुसरा म्हणे, पाणी कुणी ओतलं. दोघांचं खरं होतं आणि दोघांनाही आपलं तेवढंच खरं दिसत होतं. थोरला म्हणाला, तुला अक्कल असती तर बापाने गाडी तुझ्या नावावर केली असती. हा म्हणाला, तुझ्या नावावर तरी कुठे केली? त्यानंतर दोघांनी जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात, इथे सुंभही जळला नव्हता. नुसता पीळच होता.

आमा दोन्ही घरी जाऊन बोलून पाहायची. थोरल्याकडे जायचं म्हणजे तीस पावलांची चढण, ती काठी टेकत चढायची आणि तासाभराने तशीच उतरायची. एकदा मी विचारलं, काय म्हणाले आचो? म्हणाली, चहा चांगला होता. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि मी पुढे विचारलं नाही.

गाडी उभीच राहिली. बर्फ पडला तो कुणी काढला नाही. दोघांचं गणित एकच, त्याच्या अर्ध्या गाडीवरचा बर्फ मी का काढू? जानेवारी संपेपर्यंत अंगणात गाडीच्या जागी एक पांढरा उंचवटा होता, त्यातून वायपरची दोन टोकं वर आलेली. बॅटरी मात्र तंदूरजवळ ऊब घेत होती. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायचे. का पुसायचे कोण जाणे.

फेब्रुवारीत आठवडाभर बर्फ पडून थांबला. फोन चार दिवस मेलेले. मोठ्या रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र आदल्या दिवशी खालून जाताना दिसलं होतं, म्हणजे केलाँगपर्यंत वाट मोकळी होती. आमच्या गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा सहा वळणांचा उतार गावाने पाळीपाळीने फावड्यांनी काढलेला. पण वरचा बर्फ गेला तरी खालचा दाबून दाबून काच झालेला होता.

सकाळी सातला आमा मिठाचा चहा पीत होती. वाटी तिने हळूच खाली ठेवली. सांडली नाही. छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, देकिद, आत कुणीतरी दगड ठेवलाय. कपाळावर घाम होता. आमच्याकडे फेब्रुवारीत तंदूरला चिकटून बसलं तरी घाम येत नाही.

मी तोबदेनला म्हटलं, गाडी काढा. आमाने स्वतःच कमरेचा दोरा सोडून किल्ली त्याच्या हातात दिली. त्याने बॅटरी उचलली, त्या दिवशी त्यानेच उचलली, आणि तो बाहेर पळाला. मी निखाऱ्यांची पाटी नेऊन दिली आणि म्हटलं, आचोंना हाक मारा, दोघं मिळून लवकर उपसाल. तो हूं म्हणाला. मी आत येऊन आमाचे पाय चोळत बसले.

त्या हूंवर मी विश्वास ठेवला. बारा वर्षं संसार केल्यावर माणसाने एवढं मूर्ख असू नये, पण होते.

आमाची नजर खिडकीकडे होती. फावड्याचा आवाज येत होता. एकाच फावड्याचा. मला वाटलं, दुसरा साखळ्या सोडवत असेल. दीड तासाने इंजिन सुरू झालं तशी मी बाहेर आले. तोबदेनने एकट्याने अख्खी गाडी उपसली होती, हातांना फोड आले होते. चाकं उघडी होती. तीस पावलं वर, आपल्या छपरावर थोरला उभा होता. फावडं हातात होतं. छपरावरचा बर्फ त्याने केव्हाच ढकलला होता, छप्पर स्वच्छ होतं. तो नुसता उभा राहून खाली बघत होता.

मी विचारलं, साखळ्या?

"बिनसाखळीचं नेतो," तोबदेन म्हणाला. "राख टाकत जाऊ."

"हाक मारली नाहीत?"

"त्याला दिसत नाही का?"

मला ओरडायला हवं होतं. तिथूनच वर बघून आमाचं नाव घेऊन बोंब मारायला हवी होती. तीन शब्दांचं काम होतं. पण आमाला घोंगडीत गुंडाळून उचलून आणायचं होतं, तिचे ओठ निळे दिसत होते, आणि मला वाटलं आता वेळ नाही. वेळ नाही म्हणून मी ते तीन शब्द वाचवले. या गोष्टीत माझाही वाटा आहे, तो मी कुणाच्या गळ्यात मारत नाही.

आमाला घेतलं तेव्हा गाडी आमच्या भिंतीच्या आडोशाला होती. थोरल्याच्या छपरावरून आम्ही काय उचललं ते दिसलं नसेल. हे तो नंतर शंभरदा म्हणाला. खरंही असेल.

पहिलं वळण आम्ही उतरलो. तोबदेन गाडी चांगली चालवतो, ते नाकारून चालणार नाही. पहिला गिअर, ब्रेकला पाय नाही, इंजिनाच्याच जोरावर धरून गाडी उतरत होती. दर वळणाआधी मी उतरून राख फेकायची. दुसऱ्या वळणावर राख संपली. दोन महिन्यांत ती पिशवी कुणी भरली नव्हती, तळाशी दोन मुठी होत्या. गाडीचं मागचं अंग सरकायला लागलं. ते सरकतं तेव्हा आवाज होत नाही, फक्त डोंगर काचेतून बाजूला जाताना दिसतो. तोबदेनने चाक डोंगराकडे फिरवलं. गाडी नदीकडे गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, पण ती डोंगराच्या बाजूच्या बर्फात नाक खुपसून थांबली. मागे घेतली तर चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

आमा माझ्या मांडीवर होती. तोबदेन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या पांढऱ्याकडे बघत बसला. तेवढ्यातही तो म्हणाला नाही की मी जातो. मी आमाचं डोकं घोंगडीवर टेकवलं, त्याला मागे येऊन तिचा हात धरायला सांगितलं आणि वर चालू लागले.

थोरला अजून छपरावर होता. मी खालून म्हटलं, "आचो, साखळ्या द्या."

"त्याला पाठव."

"गाडीत आमा आहे."

त्याने फावडं भिंतीला टेकवलं. ते नीट टेकलं नाही, घसरून पडलं, त्याने ते पुन्हा उचललं नाही. "मला वाटलं बाजाराला निघालात," तो म्हणाला.

"छातीत कळ आलीय तिच्या. सातपासून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

तो शिडीवरून उतरला तो जवळजवळ पडतच. घरात शिरला, भिंतीवरच्या खिळ्याकडे हात गेला आणि तिथेच थांबला. खिळा रिकामा होता. त्याची बायको यांगझोम माझ्याकडे न बघता म्हणाली, गोठ्यात आहेत. डिसेंबरात भांडून आला त्या दिवशी त्याने रागाने साखळ्या गोठ्यात भिरकावल्या होत्या. तिथे गुरांचं मूत आणि वितळलेला बर्फ त्यांच्यावर ठिबकत राहिला होता. आम्ही बाहेर काढलं ते शेणाचं आणि बर्फाचं एक ढेकूळ होतं, त्यातून कुठे कुठे कडी दिसत होती. यांगझोमने तंदूरवरची किटली उचलली.

"पाणी नको," थोरला म्हणाला. मग तोच खाली बसला आणि त्याने तोंड ओंजळीत घेतलं.

ढेकूळ तंदूरवर ठेवून आम्ही वाट पाहिली. घरभर वास सुटला. अर्धा तास गेला. मी त्या अर्ध्या तासात दिराला जे बोलले ते इथे सांगत नाही. तो नुसता ढेकूळ उलटंपालटं करत राहिला आणि त्याचाच मला जास्त राग आला.

सुटलेल्या साखळ्या खांद्यावर टाकून तो उतारावरून धावला. साठीला आलेला माणूस, दोनदा पडला. मी मागून राखेची बादली घेऊन. गाडीशी पोचल्यावर त्याने दार उघडून आमाकडे पाहिलं. आमाने डोळे उघडले. तिने हात थोडासा उचलला. मग दोघं भाऊ कामाला लागले.

आधी नाकासमोरचा बर्फ फावड्याने ओढला. मग चाकं. थोरल्याने साखळी पसरली, तोबदेनने गाडी हातभर मागे घेतली, उतरला, दोघांनी टोकं ओढली, आकडा बसवला. दुसरी बाजू. तेच. हातांना सवय होती, म्हणून बोलायची गरज पडली नाही. एकदा आकडा निसटला तेव्हा थोरल्याने नुसतं बोट दाखवलं आणि हा समजला. बाहेर फक्त लोखंडाचा खळखळाट चालला होता.

मी आत आमाला धरून बसले होते. काचांवर आतून बर्फ धरला होता, बाहेरचं दिसत नव्हतं. आमाने मान किंचित खिडकीकडे केली.

"आले दोघं?" तिने विचारलं.

"आले."

"बोलतायत का?"

मी म्हटलं, "हो आमा. बोलतायत."

"काय?"

"आचो विचारतायत घट्ट बसली का. हे म्हणतात, बसली, पण तुझ्या पिळापेक्षा सैल."

तिच्या तोंडाची एक कड हलली. शिव्या ऐकताना हलायची तशी. तिने डोळे मिटले आणि माझ्या हातावरचा तिचा हात जरा सैल झाला. मला वाटलं, दुखणं ओसरलं.

उरलेली चार वळणं गाडी अशी उतरली की सांगता सोय नाही. एका जागी म्हणून घसरली नाही. साखळ्यांनी बर्फ धरला की धरला. थोरला पुढे बसला होता, धाकटा चालवत होता, दोघंही समोर बघत होते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर साखळ्या काढायला हव्या होत्या, त्या तशाच खडखडत ठेवून आम्ही केलाँग गाठलं. पावणेबारा झाले होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने नाडी पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला, मग बराच वेळ कानाला नळी लावून ऐकलं. आम्हाला बसायला सांगितलं. म्हणाली, वाटेतच गेल्या, तासभर तरी झाला असेल. मग वही उघडून तिने विचारलं, "कळ कधी सुरू झाली होती?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं आणि धाकट्याने थोरल्याकडे. डिसेंबरानंतर पहिल्यांदा. मला वाटलं, आता. आता तरी फुटेल काहीतरी, रडतील, एकमेकांचा गळा धरतील, मला दोन्ही चाललं असतं. दोघांनीही माना खाली घातल्या. मीच म्हटलं, सातला. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं. पुढे काही विचारलं नाही, भली पोर.

परत आलो तेव्हा ऊन डोंगराच्या धारेवर होतं, अजून घटकाभर उरलं असेल. आमा मागे माझ्या मांडीवरच. तोबदेनने चढ चढवला, गाडी अंगणात आणली, तोंड उताराकडे केलं. पहिला गिअर टाकला. हँडब्रेकला हात लावला नाही. थोरल्याने उतरून चाकाखाली दगड सारला, पायाने दाबून पाहिला. वायपर उभे केले. त्या दिवशी गाडी इतकी बिनचूक उभी केली की बापाने पाठ थोपटली असती.

इंजिन बंद झालं. तोबदेनने किल्ली काढली आणि मान न वळवता हात मागे केला.

तो हात तसाच राहिला. मी बघत होते. किल्ली घ्यायला कुणी नव्हतं. एवढा वेळ गेला की त्याने वळून बघायला हवं होतं, पण तो वळला नाही. शेवटी किल्ली मी घेतली. मग तो उतरला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीचे नट सोडायला लागला. पलीकडे थोरला चाकाशी वाकून साखळीचा आकडा काढत होता.

ऊन जायच्या आत बॅटरी आत गेली पाहिजे, ते मलाही ठाऊक आहे. साखळ्या चाकांवर राहिल्या तर गोठतात, तेही ठाऊक आहे. पण तोबदेन बॅटरी छातीशी धरून आमच्या दारात शिरला, आणि रिगझिन साखळ्या खांद्यावर टाकून तीस पावलांची चढण चढला, आणि दोघांची आई गाडीत राहिली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गाडी आतून झपाट्याने गार होत होती. ते परत आले, येणारच होते. दोघांनी दोन बाजूंची दारं उघडली आणि तिला उचललं. पण आधी त्यांनी आपापला वाटा घरी नेऊन ठेवला होता.

तीन वर्षं झाली. किल्ली माझ्या कमरेला आहे.

पहिल्या वर्षी तोबदेनने दोनदा मागितली, एकदा गोडीने आणि एकदा हात उगारून. हात उगारला तेव्हा मी म्हटलं, मारा, किल्ली तरीही मिळायची नाही. थोरल्याने यांगझोमला पाठवलं, मग स्वतः आला, दाराबाहेर उभा राहून मागितली. गटूक मेमेही येऊन गेले, म्हणाले, पोरी, गाडी सडेल. मी म्हटलं, सडू दे.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमाला शेवटचं वाक्य मी खोटं सांगितलं. दोघं बोलतायत असं ऐकून ती गेली. तेवढं एक त्यांनी खरं करावं. दोघांनी एकत्र माझ्या दारात यावं, माझ्यासमोर एकमेकांशी बोलावं, शिव्या दिल्या तरी चालतील, आणि किल्ली घेऊन जावी.

गाडी तिथेच आहे, चाकाखाली दगड तसाच. बॅटरी केव्हाच मेली. तरी बर्फ पडायला लागला की तोबदेन ती उचलून तंदूरच्या डाव्या अंगाला, घोंगडीच्या तुकड्यावर आणून ठेवतो. थोरल्याने साखळ्यांना तेल लावून त्या खिळ्याला टांगल्यात, असं यांगझोम सांगते. संध्याकाळी मी खिडकीशी, आमाच्या जागी बसते. तीस पावलांची वाट तिथून सगळी दिसते.

अजून आले नाहीत.